बारावीच्या पुढची पायरी

मागच्या वेळी वाळवणांना अळी लागू नये म्हणून काय करायचं ते लिहिलं होतं. त्यावर बरीच पत्रं आली. त्यांतल्या एका पत्रात कुरडयांची चौकशी संपल्यावर कागदाच्या अगदी तळाशी, दाटीवाटीनं चार ओळी लिहिल्या होत्या. मुलीला जन्मापासून फार कमी दिसतं. ती बारावी झाली, वर्गात दुसरी आली. पण आता घरचे म्हणतात पुरे झालं. चांगले डोळे असलेल्यांना नोकऱ्या नाहीत, तिथं हिला कोण देणार? शेवटी लिहिलं होतं, "तुम्ही शिकवता, म्हणून विचारलं. राग मानू नये."

राग कसला मानायचा, मैत्रिणींनो! कुरडया राहू देत बाजूला, या चार ओळींवरच यावेळी लिहावं असं मी ठरवलं.

शाळेत अशा मुलांचं निभतं, कारण शाळा घराजवळ असते आणि सगळं ओळखीवर चालतं. बाई पहिल्या बाकावर बसवतात, फळ्यावरचं मोठ्यानं वाचून दाखवतात, मधल्या सुट्टीत मैत्रीण हात धरून नेते. बारावीनंतर कॉलेज दुसऱ्या गावात. वर्गात शंभर मुलं, शिकवणारे तासाला बदलतात, ओळख कुणाचीच नाही. अशा मुलीला कुणी कॉलेजातून काढून टाकत नाही हो. ती मुळात जातच नाही. आणि मुलगा असला तर 'याला निदान दुकान तरी टाकून देऊ' असा विचार होतो; मुलगी असली की 'घरीच बरी' म्हणून विषय संपतो.

आमचं हिंगणी बोर धरणाच्या वाटेवरचं गाव. वाघ बघायला येणाऱ्या गाड्या आमच्या दारावरून जातात, पण कॉलेजला जायचं म्हणजे सेलू नाहीतर वर्धा, आणि तेही एसटीच्या वेळा सांभाळून. मी अर्धवेळ शिकवते. माझ्याकडे एक मुलगी होती, मराठीत हुशार, अक्षर मोत्यासारखं, मात्र दर दोन-तीन महिन्यांनी आठ-आठ दिवस गैरहजर. तिला सिकलसेल.

आमच्या विदर्भात हे नाव लहान पोरांनाही ठाऊक असतं, पण पुण्या-कोल्हापूरकडच्या मैत्रिणींसाठी सांगते. रक्तातल्या तांबड्या पेशी गोल असायच्या, त्या विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि मग हाडांत असह्य कळा येतात. हा दोष आई आणि वडील दोघांकडून आला तर मूल 'एसएस', एकाकडूनच आला तर 'एएस', म्हणजे नुसतं वाहक. इकडे त्याला 'पॅटर्न' म्हणतात. दोघंही 'एएस' असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल 'एसएस' होण्याची शक्यता चारांत एक, म्हणून लग्नाआधी रक्त तपासून घ्या असं इकडे सगळे डॉक्टर सांगतात. (पत्रिका दहा ठिकाणी दाखवतील, पण रक्त तपासायला लाजतील. असो.)

कळा थांबल्या की ही मुलगी चारचौघींसारखीच दिसते. हीच तर पंचाईत आहे. पांढरी काठी दिसते, चाकाची खुर्ची दिसते, सिकलसेल दिसत नाही. मग लोक म्हणतात, "नाटकं करते." तिच्या आईला मी पुढच्या शिक्षणाचं विचारलं तर म्हणाली, "मॅडम, हिले वर्ध्याले पाठवू कशी? रस्त्यात दुखाले लागलं तं कोन पाहीन?" आजी आतून म्हणाली, दोन वर्षांत लग्नाचंच पाहावं लागेल. मुलगी चूल सारवत होती. मान वर न करता म्हणाली, "दुखणं तं घरी बी येते."

यावर आम्ही दोघी गप्प झालो. दुखणं घरी बसून टळणार असतं तर गोष्ट वेगळी होती.

आता कायद्याचं थोडं ऐकून घ्या, कंटाळू नका. १९९५ च्या अपंगांसाठीच्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. २०१६ च्या नव्या कायद्यात ते एकवीस झाले, आणि त्यांत सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया ही रक्ताची दुखणी आली, तसंच शिकताना अक्षरांचा घोळ होणारी मुलंही आली. सरकार आता 'दिव्यांग' म्हणतं. शब्द गोड आहे; पण मला विचाराल तर नुसता शब्द बदलून एसटीची पायरी खाली येत नाही. या कायद्यानं सरकारी आणि अनुदान घेणाऱ्या सगळ्या कॉलेजांत, विद्यापीठांत किमान ५ टक्के जागा अशा मुलांसाठी ठेवायला सांगितल्या आहेत. आधी त्या ३ टक्के होत्या. वयाच्या अटीतही ५ वर्षांची सूट आहे. त्यासाठी प्रमाणपत्रावर अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त असावं लागतं. नुसत्या वाहक असलेल्या 'एएस' मुलांना हे प्रमाणपत्र मिळत नाही, एवढं लक्षात ठेवा.

हे प्रमाणपत्र निकालानंतर काढायला धावू नका. अर्ज संगणकावर भरायचा, मग सरकारी दवाखान्यात तपासणीची तारीख, मग कागद, मग कार्ड; तोवर प्रवेशाच्या याद्या लागून जातात. अकरावीतच काढून ठेवावं. आणि हातात पडल्यावर त्यावर मुदत आहे का ते पाहावं. काही प्रमाणपत्रं ठरावीक वर्षांपुरतीच असतात. ती नेमकी प्रवेशाच्या वर्षी संपली तर सगळा खटाटोप पुन्हा करावा लागतो. लोणच्याच्या बरणीवर आपण तारीख लिहितो ना, तशी या कागदाची तारीख कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवावी.

आमच्या मुलीचं प्रमाणपत्र झालं, टक्केही पुरेसे आले. तिला विज्ञान शाखेला जायचं होतं. एका कॉलेजात चौकशीला गेलो तर प्रयोगशाळा दुसऱ्या मजल्यावर, आणि जिने चढून दमलं की तिला कळा येण्याचं भय. तिच्यापुरते प्रयोग खालच्या खोलीत करता येतील का, असं विचारलं. तिथल्या गृहस्थांनी फार गोड शब्दांत सांगितलं की अशा मुलांनी बाहेरून परीक्षा देणंच बरं. मुलीनं शेवटी दुसऱ्या कॉलेजात बी.ए. घेतलं. लोक म्हणतात, मिळालं ना कॉलेज? मिळालं. पण जिला झाडांचं, किड्यांचं वेड, तिचा विषय एका जिन्यानं बदलला, हे मला अजून खटकतं. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१७ मध्येच उच्च शिक्षणाच्या संस्थांना राखीव जागा भरण्याबद्दल आणि इमारती अशा मुलांना वापरता येतील अशा करण्याबद्दल बजावलं आहे. आदेश कागदावर आहे, जिना जागच्या जागी आहे.

दुसऱ्या कॉलेजात मात्र आम्ही शहाणपणा केला. प्रवेश झाल्याच्या आठवड्यातच प्राचार्यांना पत्र दिलं. त्यात दुखण्याचं रडगाणं नव्हतं, फक्त काय हवं ते लिहिलं होतं. वर्गात पाण्याची बाटली जवळ ठेवू द्यावी, कारण पाणी कमी पडलं की कळा येतात. तास चालू असताना न विचारता बाहेर जाऊ द्यावं, कारण या दुखण्यात लघवीला वारंवार जावं लागतं. परीक्षेतही ही मुभा असावी. थंडीत पंख्याखाली बसवू नये, गणवेशावर स्वेटर चालावा. दवाखान्यात राहावं लागलं तर त्या दिवसांच्या हजेरीचा विचार व्हावा. वर्ग शक्यतो तळमजल्यावर असावेत. पत्राच्या दोन प्रती नेल्या आणि एकीवर 'मिळाले' म्हणून शिक्का घेतला.

बघा बरं, यात पैसे लागणारं काय आहे? एक तळमजला सोडला तर काहीच नाही. पण हे कुणी सांगितल्याशिवाय प्राध्यापकांना कसं कळणार? त्यांना दिसते ती वर्गातून सारखी बाहेर जाणारी मुलगी. पुढे पौषातल्या थंडीत ती नऊ दिवस दवाखान्यात होती आणि हजेरी कमी भरली, तेव्हा हाच शिक्क्याचा कागद कामी आला. कळा सुरू झाल्यावर लिहिलेल्या पत्राला सबब म्हणतात, आधी दिलेल्या पत्राला सूचना. आता ती दुसऱ्या वर्षाला आहे.

तुम्ही म्हणाल, बाहेरच्या देशांत हे सगळं आपोआप होत असेल. मलाही तसंच वाटायचं. अमेरिकेत शाळेपर्यंत थोडंफार तसं आहे. अशी मुलं शोधून त्यांची सोय करणं ही शाळेची जबाबदारी असते. कॉलेजात मात्र मुलानं स्वतः जायचं, अपंग विद्यार्थ्यांसाठीच्या कचेरीत नाव नोंदवायचं, कागद दाखवायचे, मला अमुक हवं असं सांगायचं. मग कचेरी प्राध्यापकांना पत्र देते. मागितलं नाही तर कुणी शोधत येत नाही. इंग्लंडमध्ये अशा विद्यार्थ्यांना उपकरणांसाठी, मदतनिसासाठी सरकारी भत्ता आहे. पण त्यालाही अर्ज करावाच लागतो.

आणि हे तिकडेही फुकट मिळालेलं नाही. त्यात एका आईची गोष्ट मला फार आवडते. कॅलिफोर्नियातल्या झोना रॉबर्ट्स यांच्या एड नावाच्या मुलाला १९५३ साली, चौदाव्या वर्षी पोलिओ झाला. मानेखालचं अंग लुळं पडलं. श्वासासाठी लोखंडी पेटीसारख्या यंत्रात झोपावं लागे. शाळा पुरी केली ती बरीचशी टेलिफोनवरून ऐकून. शेवटी शाळा म्हणाली, प्रमाणपत्र देता येणार नाही. कारण काय, तर मुलानं व्यायामाचा आणि मोटार चालवण्याचा विषय पुरा केला नाही! ज्याचं मानेखालचं अंग लुळं त्याला मोटार चालवायला सांगायची, म्हणजे कमालच म्हणायची. झोनाबाई गप्प बसल्या नाहीत. वरपर्यंत गेल्या, भांडल्या आणि प्रमाणपत्र घेऊन आल्या.

पुढे १९६२ साली एड बर्कलीच्या विद्यापीठात गेला. ते यंत्र साडेतीनशे किलोंहून जड, वसतिगृहात मावेना. तेव्हा विद्यापीठाच्या दवाखान्यातली खोली त्याला राहायला मिळाली. एकाला पाहून दुसरा आला, तिसरा आला, आणि काही वर्षांत तिथं अशा मुलांचा चांगला जथा झाला. त्यांनी मिळून विद्यापीठाकडे, गावाकडे मागण्या केल्या. कॅलिफोर्नियाच्या पुनर्वसन खात्यानं 'हा कधी काम करू शकणार नाही' म्हणून एडला मदत द्यायला आधी नकार दिला होता. १९७५ साली त्याच खात्याचा तो प्रमुख झाला. झोनाबाईंना काय वाटलं असेल, याचा विचार मी भाकऱ्या थापताना कितीदा तरी केला आहे.

आपल्याकडेही भांडून मिळवलेल्यांची उदाहरणं आहेत. २०२४ साली महाराष्ट्रातल्या एका मुलाला डॉक्टरीला प्रवेश नाकारला गेला. त्याला बोलण्यात दोष, चाळीस टक्क्यांहून थोडा जास्त. नियमाची गंमत बघा: चाळीस टक्के भरले म्हणून राखीव जागा, आणि चाळीस टक्के भरले म्हणूनच अपात्र! प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायालयानं डॉक्टरांकडून त्याची पुन्हा तपासणी करवली, तो शिकू शकतो असा अहवाल आला, आणि प्रवेश मिळाला. नुसता टक्क्यांचा आकडा पाहून दार लावू नका, हा मुलगा हा अभ्यासक्रम करू शकतो का ते पाहा, असं त्या ऑक्टोबरातल्या निकालात न्यायालयानं सांगितलं.

आमच्या शेजारचंच सांगायचं तर वरोऱ्याचं आनंदवन. बाबा आमटे मूळचे आमच्याच जिल्ह्यातल्या हिंगणघाटचे. कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या ज्या लोकांना कुणी शाळेच्या आवारात उभं करत नव्हतं, त्यांच्या श्रमांतून १९६४ साली आनंदवनात कॉलेज उभं राहिलं आणि भोवतालच्या गावांची धडधाकट मुलं तिथं शिकायला येऊ लागली. आपण नेहमी 'अशा मुलांना कॉलेजात घ्यावं का' असं विचारतो. इथं दार त्यांच्या हाती होतं, आणि त्यांनी ते उघडं ठेवलं.

आता पत्र लिहिणाऱ्या मैत्रिणीच्या प्रश्नाकडे वळते: नोकरी कोण देणार? उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांची दृष्टी सहाव्या वर्षी गेली. दादरच्या अंध मुलींच्या शाळेत शिकल्या, मग मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात. त्या कॉलेजात २००३ पासून दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी वेगळं केंद्र आहे. संगणकावरचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणारी सोय वापरून त्यांनी अभ्यास केला. २०१६ च्या निकालात त्यांचा क्रमांक ७७३ वा आला, पण पूर्ण अंध म्हणून रेल्वेच्या हिशेब खात्यानं घेतलं नाही. पुढच्याच वर्षी १२४ वा क्रमांक मिळवून त्या आयएएस झाल्या आणि २०१९ मध्ये तिरुवनंतपुरमच्या उपजिल्हाधिकारी म्हणून रुजू झाल्या.

प्रत्येकीनं कलेक्टरच व्हावं असं काही नाही. सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के जागा राखीव आहेत, त्यांतला १ टक्का अंध आणि कमी दिसणाऱ्यांचा. तेव्हा तुमच्या लेकीला जागा आहे, ताई, पण बहुतेक जागांना पदवी मागतात. सिकलसेलच्या मुलांना मात्र शिक्षणात आरक्षण आहे आणि नोकरीच्या या ४ टक्क्यांत त्यांचं नाव नाही. हे मला न पटणारं आहे. तरी आधीच माहीत असलेलं बरं, म्हणजे मुलगी त्या हिशेबानं विषय निवडेल.

परीक्षेचं राहिलंच. कमी दिसणाऱ्या किंवा हातानं लिहू न शकणाऱ्या मुलांना लेखनिक मिळतो. केंद्र सरकारच्या २०१८ च्या सूचनांत तासाला किमान २० मिनिटं जास्तीची आहेत, म्हणजे तीन तासांच्या पेपरला चांगला एक तास. लिहिण्याची अडचण खरी असेल तर प्रमाणपत्रावर चाळीस टक्के नसले तरी लेखनिक नाकारता येत नाही, असंही सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये म्हटलं आहे. लेखनिक कोण चालतो, किती शिकलेला चालतो, याचे नियम अधूनमधून बदलतात. आपापल्या विद्यापीठाचा चालू वर्षाचा नियम कॉलेजातून लेखी घ्यावा. आमच्याकडे ते नागपूर विद्यापीठ. आणि परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा लेखनिकाचं तोंड पाहू नये. दोन जुने पेपर एकत्र बसून सोडवावेत. सांगणारी भरभर सांगते, लिहिणारा अडखळतो, आणि सगळा जादा वेळ त्यातच जातो.

एक गोष्ट आयांना सांगते, आणि ती जरा कडू आहे. कचेरीत, प्राचार्यांकडे, दवाखान्यात सगळीकडे आपणच बोलतो. मुलगी बाजूला उभी. विचारतात तिला, "नाव काय?" आणि उत्तर आपण देतो! अकरावीपासून तिला बोलू द्यावं. अडखळली तरी मध्ये तोंड घालू नये. माझ्या विद्यार्थिनीचं पत्र मी लिहून देणार होते. ती म्हणाली, मीच लिहिते. लघवीचं वाक्य लिहिताना लाजली, दोनदा खोडलं, पण लिहिलं. पुढच्या वर्षी वर्गाला नवे प्राध्यापक आले, तेव्हा त्यांच्याशी ती एकटी जाऊन बोलली. आईला घरी आल्यावर कळलं.

ज्यांच्या घरी असं मूल नाही त्यांनी पान उलटू नये. दुपारी जेवणं आटोपल्यावर तासभर मोकळा असतो ना? आपल्या गावात, शेजारच्या कॉलेजात दृष्टिहीन मुलगी असेल तर तिचं पाठ्यपुस्तक मोठ्यानं वाचून मोबाइलमध्ये भरून द्या. २०१६ पासून 'सुगम्य पुस्तकालय' नावाचं अशा पुस्तकांचं ग्रंथालय संगणकावर आहे, आधी तिथं पाहावं, पण बी.ए.ला लावलेलं नेमकं मराठी पुस्तक मिळेलच असं नाही. ही चोरी होत नाही, बरं का. २०१२ साली कॉपीराइटचा कायदा दुरुस्त करून अपंग वाचकांसाठी अशी प्रत करायला मुभा दिली आहे. फक्त ती त्यांच्यापुरतीच राहावी, सगळीकडे वाटू नये.

वाचताना पंखा आणि कुकर बंद. दार लावून घ्या, नाहीतर इतिहासात भाजीवाल्याची हाळी येते. सुरुवातीला पुस्तकाचं नाव आणि प्रकरण सांगा, दर पानाला पानाचा आकडा सांगा, म्हणजे वर्गात सर "पान ४२ काढा" म्हणाले की तिलाही सापडेल. नाटकी वाचू नका, भाव तिचे तिला घालू द्या. नकाशा किंवा तक्ता आला तर गाळू नका. वर काय, डावीकडे काय, असं सांगत जा. एका वेळी वीस मिनिटं पुरे. त्याच्या पुढे आपलाच आवाज झोपेला येतो.